घोडा जागचा हलला नव्हता

ही गोष्ट मी आठ वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही.

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीच्या बागेत हिवाळ्यात दुपारच्या उन्हात बुद्धिबळाचा पट मांडायचो. समोर माझा मित्र, नोकरीत वीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला. त्या हिवाळ्यात मी सारखा हरू लागलो. पूर्वी चार चाली पुढचं दिसायचं, आता दुसऱ्याच चालीला सगळं विस्कटायचं.

"तुझी झोप होत नाहीये," तो म्हणाला.

"दहा ते सहा झोपतो. चांगले आठ तास."

"पडून राहतोस म्हण. चौकीदाराची शिट्टी किती वेळा ऐकतोस?"

चौकीदार दर तासाला माझ्या खिडकीखालून शिट्टी वाजवत जायचा आणि दर वेळी मला जाग यायची. पण मला वाटलं, हा माझं लक्ष उडवतोय. मी त्याच्या हातांवर नजर ठेवू लागलो. शेंगा सोलताना त्याची बाही पटावरून गेली तरी मी मोहरे मोजायचो.

एका रविवारी चहा आणायला उठण्याआधी मी गुपचूप पटाचा फोटो काढला. परत आलो तर त्याचा घोडा माझ्या वजिरावर टपलेला.

"घोडा सरकवलास तू!"

"अरे, मघापासून तिथंच आहे तो."

"फोटो आहे माझ्याकडे!"

बघे जमले. शेजारचे पंजाबी गृहस्थ म्हणाले, "दिखाओ जी, अभी दूध का दूध हो जाएगा."

मी फोन उघडला. घोडा तिथंच होता.

"धुंधली आई है," म्हणालो आणि फोन खिशात टाकला.

"बुढ़ापे में चीटिंग, अंकल!" कुणीतरी त्याला हसलं. त्यानं मांडीवरची टरफलं झटकली, मोहरे डब्यात भरले आणि गेला. पुन्हा बागेत आला नाही. वर्षभरात पुण्याला मुलीकडे राहायला गेला.

पुढं मी मागच्या खोलीत झोपू लागलो. तिथं शिट्टी ऐकू येत नाही. महिन्याभरात चार चाली पुन्हा दिसू लागल्या. म्हणजे संशय अपुऱ्या झोपेच्या माथी मारता येईल. फोटो लपवला तो मात्र मी, सगळं स्वच्छ दिसत असताना.

दर दिवाळीला मी त्याला फोन करायचो. शेवटच्या खेपेला त्यानं विचारलं, "झोप लागते का रे आता?"

"लागते," म्हणालो, आणि दिल्लीच्या धुराबद्दल बोलत बसलो. दोन महिन्यांनी तो गेला. घोडा हलला नव्हता, मी खोटं बोललो, मला माफ कर, एवढंच मला त्याला म्हणायचं होतं.