सात फेऱ्यांचा दोरा

निरुपमाबेन आमच्या शेजारी राहायच्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. सत्त्याण्णव साली त्यांनी निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या वडाला पोलादी पट्टी बांधली. पट्टीला स्प्रिंग आणि बारीक मोजपट्टी. खोड वाढलं की पट्टी सरकायची, आणि झाडाची तब्येत कळायची.

"वडाचं ब्लडप्रेशर घेताय का?" मी विचारलं. त्याही हसल्या आणि आकडा लिहून घेतला.

माझ्या टवाळीला कारण होतं. चार वर्षांपूर्वी मी गाडी घेतली, तेव्हा ती सावलीत लावता यावी म्हणून वडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट घालायचा ठराव मीच मांडला होता. आता पानं विरळ झाली, तर 'म्हातारा झालाय, पाडू या' म्हणणाराही मीच.

वर्षभरात पट्टी केसभरही हलली नाही. वड पाडायची सभा भरली, तेव्हा निरुपमाबेन उभ्या राहिल्या. "तो म्हातारा नाही, गुदमरतोय. सिमेंट फोडा."

"सिमेंटच्या आधी तो वाढत होता कशावरून?" मी वकिली केली.

रेटून बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "तेव्हाचं माप माझ्याकडे नाही," एवढंच म्हणून त्या खाली बसल्या.

"माझ्याकडे आहे ने!" मागून आवाज आला. आमच्याच सौभाग्यवती, कौशल्या! वटपौर्णिमेला फेऱ्या घालताना दोरा अपुरा पडला तर अपशकुन, म्हणून ती घरूनच हातांनी मोजून नेते. "दरवर्षी वीतभर जास्त लागायचा. सिमेंट घातल्यापासून तेवढाच पुरतोय."

दुसऱ्या कुणा शिकलेल्याने हे हसण्यावारी नेलं असतं. निरुपमाबेननी तिथेच वही उघडली, कौशल्याचा हात कोपरापासून मोजला आणि एकेक वर्षाचा हिशोब सभेपुढे मांडला. घरचा भेदी लंका दहन! सिमेंट फुटलं, माझी गाडी उन्हात गेली.

पुढच्या वटपौर्णिमेला कौशल्याने नेहमीएवढाच दोरा नेला. सातव्या फेरीला तो संपला. बायका चपापल्या. कौशल्या मात्र ओरडली, "निरुपमाबेन, जल्दी या! कमी पडला!"

त्या धावत आल्या. दोऱ्याच्या टोकापुढच्या उघड्या सालीवर त्यांनी बोटं टेकवली. बरोबर चार मावली. मग सगळ्यांसमोर त्या ढसाढसा रडल्या.

आणि मी, कधी नव्हे तो, दोऱ्याचं रीळ आणायला घरी पळालो.