ज्वारीतली माझी ओळ

थोरली जाऊ माझ्या ओळीत आडवी पडली होती. घोट्याला साप चावला होता, चिमटा मुठीतच होता.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर सोलापूरजवळ ज्वारीचं नवं वाण काढायच्या शेतावर आम्ही दोघी होतो. पहाटे चिमट्याने फुलांतले परागकोश काढायचो. पराग उडतो म्हणून ओळीत साप हुसकायला काठी आपटायची मनाई होती.

शेतावरचे साहेब मला मुकादम करत होते. हातातलं चिमट्याचं काम सुटेल म्हणून मी नको म्हणत होते. जाऊ हसली, "जा की बये, बांधावर हुबी ऱ्हा. तुजी वळ मी बगते, तुज्यापरीस नीट!"

मी मुकादम झाले आणि पहिल्याच सकाळी हे घडलं.

अजून पहाटे जाग येते तेव्हा माझी बोटं चिमटा धरल्यासारखी जुळलेली असतात.

जाऊ दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली. मी जगले.