भट्टीवरची प्रार्थना

पिंपरीला कारखान्याच्या भिंती उठत होत्या, तेव्हा मी विटा आणायला रोज पुनावळ्याच्या भट्टीवर जात असे. तिथली आग सांभाळायला नगरकडचा एक ख्रिस्ती माणूस होता. भट्टीच्या माथ्यावरचं एकेक लोखंडी झाकण आकड्याने उचलून तो आत कोळसा टाकायचा आणि घटकाभर आत पाहत राहायचा. तेव्हा त्याचे ओठ हलत असायचे.

एकदा मी माथ्यावर चढून त्याच्याजवळ गेलो आणि विचारलं, "एवढं काय बघता?"

"माझ्या भावानं हिरीत जीव दिला," तो म्हणाला. "आमच्यातली जाणती माणसं म्हणाली, असल्याला नरकच. तिथली आग कधीच इझत न्हाई. ही आग बघितली की त्यो आठवतो, मग त्याच्यासाठी प्रार्थना करतो."

"नरकातून कुणी सुटतं का?"

"ते मला ठाव न्हाई. पण क्रुसावर मेल्यावर प्रभू आधी खाली उतरला, मेलेल्यांच्यात. मग वर गेला. आमी देवळात दर रविवारी तसंच म्हणतो." त्याने घाम पुसला. "म्हंजे ती वाट त्याच्या पायाखालची हाय. माझा भाऊ तिथं असंल, तर प्रभू त्याच्यासाठी पुन्यांदा उतरंल."

त्याने पुढचं झाकण उचललं. आत विटा तापून लालबुंद झाल्या होत्या. नरकाच्या गोष्टी मीही लहानपणापासून ऐकल्या होत्या, पण तिथे देव कुणाला शोधायला उतरतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नकळत मी वहाणा काढायला वाकलो. त्याने माझा दंड धरला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ. पाय भाजतील."