बक्षीसपात्र गोळ्या

वस्तूंच्या वेष्टनावर काय छापावं आणि काय छापू नये, हे ठरवण्यात माझी तीस वर्षं गेली. त्यातली शेवटची अठरा वर्षं मी हेच लोकांच्या मुलांना शिकवतोही. माझा कल 'छापू नये'कडे जास्त. मुलं काम भिंतीवर लावतात, मी चष्मा वर करून पाहतो आणि विचारतो, "यातलं काय काढता येईल?" मुलं बिचारी काढतात. वर्षाच्या शेवटी भिंतीवर बरीचशी पांढरी जागा उरते आणि बाहेरून आलेले परीक्षक, जे बहुधा काळ्या कपड्यांत असतात, तिच्याकडे पाहून मान डोलावतात.

या धोरणाला एकदा बक्षीसही मिळालं. अंधेरीच्या एका औषध कंपनीसाठी मी गोळ्यांच्या स्ट्रिपांची मालिका केली होती. आधी त्यांची प्रत्येक गोळी वेगळ्या रंगात, वेगळ्या अक्षरांत असायची, लग्नातल्या वऱ्हाडासारखी. मी सगळ्यांना एका शिस्तीत आणलं. पांढरी पार्श्वभूमी, बारीक राखाडी अक्षरं आणि कोपऱ्यात एक फिकट ठिपका. ब्लड प्रेशरच्या गोळीला निळसर, अॅलर्जीच्या गोळीला हिरवट. मानपत्रात 'संयम' हा शब्द दोनदा आला होता. ट्रॉफी इतकी जड की व्यासपीठावरून उतरताना दोघांनी मला धरलं, आणि तिच्यावर माझं नाव इतकं बारीक की ते वाचायला मला दिव्याखाली जावं लागलं. तेव्हाही माझ्या काही लक्षात आलं नाही.

आई भांडुपला एकटी राहते. वडील गेल्यावरही तिने ती दीड खोली सोडली नाही. डॉक्टरांनी तिला नेमक्या माझ्या मालिकेतल्याच दोन गोळ्या दिल्या. सकाळी बीपीची, आणि रात्री अंगाला खाज सुटते त्यावरची, जिने झोप येते. आईने ती पाकिटं आख्ख्या चाळीला दाखवली. "ह्यां माझ्या झिलान केल्यान." गोळीच मी केली असं समजून एका शेजारणीने तिच्या गुडघ्यांसाठीही काहीतरी करून मागितलं.

सकाळची स्ट्रिप आई चहाच्या डब्याला रबर लावून अडकवायची आणि रात्रीची उशीच्या अभ्र्यात ठेवायची. मला ते बघवेना. मी एक सुबक पांढरा डबा करून नेला, दोन्ही स्ट्रिपा त्यात शेजारी शेजारी उभ्या राहतील असा.

"आता शोधायला नको," मी म्हणालो.

"शोधत कोण होतं?" आई म्हणाली. पण डबा तिने ठेवून घेतला.

पंधरा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, भाजीबाजारातल्या एका कट्ट्यावर ती बसल्या बसल्या गाढ झोपलेली सापडली. भाजीवालीने माझ्या बहिणीला फोन केला. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, सकाळी चुकून रात्रीची गोळी घेतली गेलीय. बहीण माझ्याहून मोठी. कांदिवलीला राहते आणि निर्णय लवकर घेते.

"विसरायला लागलीय ती," बहीण म्हणाली. "आता एकटं ठेवायचं नाही. रविवारी घेऊन जाते मी तिला. कायमचंच."

"विसरले असेन," आई म्हणाली. एवढंच.

आईला बहिणीचं घर आवडतं, पण दोन दिवसांपुरतं. चौदाव्या मजल्यावरून खाली कोण चाललंय ते ओळखू येत नाही, ही तिची तक्रार. भांडुपची खोली भाड्याने देऊन टाकू, असं बहीण त्याच संध्याकाळी बोलायला लागली होती. डब्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता असं नाही. आला, आणि वर्गात मुलांना सांगतो तसा मी तो काढून टाकला.

रविवारी दुपारी बॅग भरायला गेलो. साड्या ठेवून झाल्या. आई म्हणाली, "बीपीची गोळी वरच्या कप्प्यात ठेव. उद्या सकाळी लागेल."

डब्यातली एक स्ट्रिप काढून मी ठेवली. आईने कप्प्यात हात घातला, न बघताच तिच्यावरून अंगठा फिरवला.

"ही रात्रीची."

मी ती खिडकीशी नेऊन पाहिली. ठिपका हिरवट होता. म्हणजे, असावा. स्ट्रिपचा एक कोपरा मात्र कात्रीने कापलेला होता.

"हे कधी केलंस?"

"त्या दिवशीच. बाजारातून आल्यावर."

"म्हणजे तू विसरली नव्हतीस?"

"मी कशाला विसरू? दोन्ही सारखीच दिसतात मेली."

"मग ताईला सांगायचं ना!"

"काय सांगू? तुला त्याचं बक्षीस मिळालंय."

स्ट्रिप हातात घेऊन मी पलंगावर बसलो. मुलाचं काम वाईट आहे असं म्हणण्यापेक्षा आपलं डोकं चालत नाही हे तिने कबूल केलं होतं, आणि त्यापायी घर सोडायला निघाली होती.

तेवढ्यात बहीण आली. "झाली का तयारी? चल आई, खाली टॅक्सी थांबलीय."

मी सांगितलं. स्ट्रिपा, ठिपके, डबा, सगळं. तीस वर्षांत माझं कुठलंच काम मी इतक्या थोड्या शब्दांत कुणासमोर मांडलं नव्हतं. बहिणीने दोन्ही स्ट्रिपा लांब धरून पाहिल्या, मग नाकाशी धरून पाहिल्या.

"यातली निळी कुठली?"

"ती, डावीकडची."

"हिला निळी म्हणतात? शाबास! म्हणजे वाट लावलीस तू, आणि मी हिला स्मरणशक्तीसाठी अर्धा किलो बदाम पाठवले!"

"बदाम चांगले होते," आई म्हणाली.

"तू गप्प बस गं. आणि काय रे, कॉलेजात पोरांना हेच शिकवतोस?"

"हेच शिकवतो."

बहीण खुर्चीवर बसली, पाणी प्यायली. मग खिडकीतून वाकून तिने टॅक्सीवाल्याला जरा थांबायला सांगितलं.

"राहा इथेच," ती आईला म्हणाली. "पण रोज सकाळी मला फोन करायचा."

"तुझा फोन लागतो कधी?"

कंपनीला मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं, रंग ठळक करा, अक्षरं मोठी करा, पैसे नकोत. तिथल्या तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. "पण सर, हे तर अवॉर्ड मिळालेलं डिझाइन आहे ना?" पुढच्या छपाईच्या वेळी बघू, असं तो अतिशय आदराने म्हणाला.

पण ते नंतरचं. त्या दुपारी बहीण एकटीच टॅक्सीत बसून गेली, आणि आई माझ्याशी बोलेना. तिने चहा टाकला, तोही न विचारता. कप पुढे ठेवताना म्हणाली, "सांगायची काय गरज होती? आता ती चार जणांत बोलेल."

"बोलू दे."

"तुला काय, तू मोकळा झालास."

मी उठलो, बॅग उघडली आणि साड्या परत कपाटात लावायला घेतल्या. तिने माझ्या हातातून गठ्ठा काढून घेतला.

"तू नको लावू," ती म्हणाली. "मला सापडायला हव्यात."