घाटातले अनवाणी पाय

आमच्या दवाखान्याच्या गाडीवरचे ड्रायव्हरदादा तोरणमाळचा घाट लागला की चपला काढून सीटखाली सारतात. चाक घसरण्याआधी तळव्याला कळतं म्हणे. यंदा नवी एसयूव्ही आली, घसरताना स्वतःच ब्रेक लावून सावरणारी. दादा तिच्याशी जरा फटकूनच होते.

परवा बाळंतपणात अडलेल्या बाईला घेऊन उतरताना चिखलात गाडी दरीकडे फिरली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, ब्रेक आपोआप करकरले आणि गाडी सरळ झाली. बाईला दवाखान्यात पोचवून दादा गाडीपाशी परत आले, बॉनेटवर हात फिरवत म्हणाले, “वाचाडं वं माय तू!”

आज घाटाशी पुन्हा चपला निघाल्या.

“आते कशाले, दादा? गाडी सोताच संभाळस ना!” मी म्हटलं.

“तिले एकलं वाटाले नको,” दादा म्हणाले.