चावी तिच्या नावाची होती

सेवेतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. हे एक मात्र मनातून जात नाही, कारण त्यात मोठी चूक माझी होती.

मी तेव्हा यवतमाळला सायबर पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका दुपारी शहरातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक तक्रार घेऊन आले. काही खासगी डायलिसिस केंद्रांच्या रुग्णांच्या नोंदी त्यांच्या क्लाउड सर्व्हरवर असत. कोणाला कोणतं औषध सोसत नाही, मागच्या वेळी मशीन किती वेळ चाललं, सगळं त्यात. त्या सकाळी नोंदी पुसल्या गेल्या होत्या. कळंबहून आलेले एक आजोबा केंद्राच्या बाकावर तसेच बसून होते. जुने कागद सापडेपर्यंत डॉक्टर त्यांना मशीनवर घ्यायला तयार नव्हते.

मालकांसोबत त्यांचा मुख्य तंत्रज्ञ होता. चाळिशीतला, शांत माणूस. त्याने थेट नावच दिलं.

"साहेब, सर्व्हर पासवर्डनं नाही, एसएसएच चावीनं उघडते. कॉम्प्युटरमधली फाईलच असते ती. ज्या चावीनं उघडला, ती भांडून नोकरी सोडून गेलेल्या पोरीच्या नावाची आहे."

मुलगी दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावरची, तिथली पहिली इंजिनिअर. नोटीस देऊन बोलावता आलं असतं. मी गाडी पाठवली.

महिला हवालदारासमोर मी तिला दोन तास प्रश्न विचारले. ती रडली नाही.

"चावी माझीच आहे साहेब. पण लॅपटॉप मी जमा केला, पोच आहे माझ्याजवळ. चावी त्यातच होती. तिथं नवे सर्व्हर आपोआप तयार होतात अन् प्रत्येकात माझी चावी चालते. मी गेल्यावर ती काढा, असं लिहून देल्लं होतं मी." मग थांबून तिनेच मला विचारलं, "कोणत्या चावीनं उघडलं ते पाहिलं तुम्ही. कुठून उघडलं, ते पाहिलं का?"

पाहिलं नव्हतं.

सर्व्हर पुसला गेला तरी कोण कुठून आत आलं याची नोंद क्लाउड कंपनीकडे वेगळी राहते. ती मागवली. उत्तर येईपर्यंत आठवडा गेला. तेवढ्यात पुण्याच्या ज्या कंपनीत ती रुजू होणार होती, तिथून, पोलीस चौकशीचं कळल्यामुळे, 'येऊ नका' असा निरोप आला.

नोंदीत पत्ता निघाला तो यवतमाळच्याच त्या ऑफिसच्या इंटरनेट जोडणीचा. त्या वेळी सर्व्हरचं काम एकच माणूस करत होता. मी मुख्य तंत्रज्ञाला समोर बसवलं.

"तिची चावी किती दिवसांपासून वापरून राह्यले तुम्ही?"

"ती गेली तेव्हापासून. सगळे सर्व्हर त्या एकाच चावीनं उघडत होते, म्हणून सोपं पडे. मुद्दाम नाही केलं साहेब. जुना समजून चालू सर्व्हर पुसला."

"मग तिचं नाव कायले घेतलं?"

"भेव वाटलं. म्हटलं, ती तर तशीही गेलेलीच आहे."

खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. नोंदी निम्म्याच परत आल्या. उरलेल्या नोंदी केंद्रांच्या परिचारिकांनी कागदांवरून पुन्हा भरल्या.

मुलगी निर्दोष आहे हे सांगायला मी स्वतः तांड्यावर गेलो. तिच्या वडिलांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, पोरीले नेलं तवा सारा तांडा पाहत होता," ते म्हणाले. "अन् आता तुम्ही मले घरात बसून सांगून राह्यले. बाहेर येऊन सांगा."

मी उठलो. तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाच्या घरासमोर माणसं जमवली आणि गणवेशात उभा राहून सांगितलं, "या मुलीचा काही दोष नव्हता. चूक माझी होती." ती आपल्या घराच्या दारातच उभी होती.

पुरावा कोणाचं नाव सांगतो आणि काम कोणाच्या हातून झालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर एका मुलीकडून शिकलो. त्यानंतर सेवेत होतो तोवर, पूर्ण तपासल्याशिवाय कोणाच्याही दारात गाडी पाठवली नाही.

तिची पुण्याची नोकरी मात्र गेली ती गेलीच.