उन्हातली टाकी आणि मासळीचा बर्फ

"साहेब, पाणी नाही, चहाचं आधण आहे हे!" फोरमन बोटं झटकत ओरडला. दुपारचा एक वाजला होता. चारला उद्घाटन.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. कुवेतमध्ये खैरानच्या समुद्रकाठी एका पार्कमालकाने चीनमधल्या दाय लोकांचं खेडं उभारलं होतं. बांबूची घरं, नाचणाऱ्या मुली, सगळं तिकडून आणलेलं. हे लोक नववर्षाला एकमेकांना पाण्याने भिजवतात. जितकं भिजाल तितकं नशीब चांगलं! ते पाणी पुरवायचं काम माझं. कमिशनिंग, म्हणजे सगळी यंत्रणा चालवून बघणं, मी मार्चमध्येच उरकलं होतं. उद्घाटन लांबत लांबत जूनवर गेलं. आणि लोखंडी टाकी भर उन्हात! जूनमध्ये नळाला कढत पाणी येतं, म्हणून आम्ही घरी गिझर बंद ठेवून त्यात निवलेलं पाणी गार म्हणून वापरायचो. बारा वर्षं कुवेतमध्ये काढून हे मला सुचू नये? धन्य माझी.

आमचे बॉस कुलकर्णीसाहेब, पुण्याचे. तिकडे नोकरांचे पासपोर्ट कंपनीच ठेवून घ्यायची; माझा त्या दिवशी त्यांच्या शर्टाच्या खिशात. माझं रात्रीचं विमान होतं. महिन्याची लेक मी अजून पाहिली नव्हती, माझ्यासाठी तिचं बारसं थांबलेलं.

"पाहुणे पोळले तर रजा विसरा," ते शांतपणे म्हणाले.

मी रत्नागिरीच्या बशीरभाईंना फोन लावला. त्यांचा फहाहीलला मासळीचा धंदा.

"बरफ हाय रे, पन मासल्यांखालचा हाय. वास येल."

"येऊ दे! ट्रक भरून पाठवा."

साडेतीनला बर्फ टाकीत पडला. चारला दाय मुलीने मालकाच्या वडिलांवर वाडगाभर पाणी ओतलं. म्हातारबाबा "हूऽऽ" करून खूश! मग त्यांनी बाही हुंगली.

"मच्छी?" त्यांनी हिंदीत विचारलं. तरुणपणी ते मुंबईला खजूर विकायला जायचे.

कुलकर्णीसाहेब माझ्याकडे बघायला लागले. खोटं बोलायला सुचेना. मी सगळं सांगून टाकलं. म्हातारबाबा खो खो हसत सुटले. "जितना पानी उतना नसीब, ना?" म्हणत त्यांनी अख्खी बादली उचलली आणि कुलकर्णीसाहेबांवर उपडी केली.

"अहो, माझा पासपोर्ट!" मी किंचाळलो.

दाय मुलींनीच वाचवलं. मेकअपच्या खोलीत त्यांचे चार हेअर ड्रायर होते. चौघी पानापानाला वारा घालत बसल्या. मधूनमधून नाक दाबून खिदळत होत्या. शाई जरा फुटली, पण नाव वाचता येत होतं. साहेबांनी निथळत्या हाताने रजेवर सही केली.

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट दोन बोटांच्या चिमटीत धरून शिक्का मारला आणि लगेच हात धुवायला गेला.

बारशाला लेकीने माझं बोट घट्ट धरलं, तेव्हा सगळ्यांसमोर रडलो. सासूबाई कट्टर शाकाहारी. जावयाचं स्वागत जोरात झालं, पासपोर्टला मात्र महिनाभर घराबाहेर, कपड्यांच्या दोरीवर राहावं लागलं.

तेव्हापासून चाचणी मी उद्घाटनाच्याच महिन्यात घेतो. तीही भर दुपारी.